हौद्याच्या काठावरची बालवाडी

बालवाडीच्या बाईंनी दिवाळी अंकात लिहायचं म्हणजे बोबडे बोल लिहायचे, असा समज आहे. "मुलांच्या गमतीजमती लिहा, काहीतरी गोड," असं मला फोनवर सांगितलं गेलं. मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यापासून अस्वस्थ आहे. माझ्या कामात गोड फार थोडं आहे. घाम आहे, धूळ आहे, फाटक्या चड्ड्या आहेत आणि भांडणं आहेत. मुलांची भांडणं नव्हेत, ती डबा उघडेपर्यंत मिटतात. मुलांसाठी मोठ्यांशी केलेली भांडणं. त्यातलं एक अजून माझ्या अंगातून गेलेलं नाही. तेच लिहिते.

माझे वडील बिद्रीकडे साखर कारखान्यात कामाला होते. घरी येताना त्यांच्या खिशात एखादं पत्रक असायचंच. संपाचं, मोर्चाचं, धम्म परिषदेचं, पाणीपट्टीच्या विरोधातलं. आमच्या घरात पाठ्यपुस्तकांच्या आधी पत्रकं आली. मी अक्षरं त्यांच्यावरच जुळवली. त्यामुळे शाळेत जाईपर्यंत मला वाटायचं की प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतंच. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बालवाडी शिक्षिकेचा कोर्स करून मी कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका बालवाडीत लागले, ती ही सवय घेऊनच.

बालवाडी एका तालमीच्या माडीवर भरायची. खाली कुस्तीचा हौदा, वर आमची एक खोली, मधे उभा, अंधारा जिना. जिन्याखालून बाहेर पडलं की थेट गल्ली, आणि गल्लीत रिक्षा, मोटरसायकली, दुधाचे कॅन लावलेल्या लुना. पोरं यायची, मांडी घालून बसायची, पाटीवर गिरवायची, डबा खायची आणि जायची. शाळा सुटायच्या वेळी आया जिन्याखाली उभ्या असायच्या. प्रश्न एकच. "आज काय लिवलं?" काही लिहिलं नसेल तर पोराच्या पाठीत धपाटा आणि माझ्याकडे एक नजर.

आमचं काम बाहेरच्या माणसाला समजावून सांगायचं तर असं. लिहिणं बोटांनी होतं, हे अर्धंच खरं. बोटांच्या मागे मनगट, मनगटाच्या मागे कोपर, त्याच्या मागे खांदा, आणि खांद्याला आधार पाठीचा नि पोटाचा. मूल आधी कुशीवर वळतं, रांगतं, उभं राहतं, मग धावतं, चढतं, लोंबकळतं, पडतं. या सगळ्यात त्याचा खांदा तयार होतो. मग मणी ओवणं, कणकेचे गोळे वळणं, बटण लावणं. आणि सगळ्यात शेवटी पेन्सिल. आपण काय करतो? शेवटापासून सुरुवात करतो. तीन वर्षांच्या पोराच्या हातात पेन्सिल कोंबतो. ते ती मुठीत आवळतं, डोकं पाटीवर टेकतं, जीभ बाहेर काढतं आणि सगळं अंग पणाला लावून एक वाकडी रेघ ओढतं. आपण म्हणतो, आळशी आहे. आळशी नाही! त्याच्या खांद्यात अजून बळ नाही.

यावर उपाय म्हणजे अंगाचा खेळ, आणि तो रोज. शनिवारची पीटी नव्हे. लोळायचं, बेडकासारख्या उड्या मारायच्या, जमिनीवर टाकलेल्या दोरीवरून चालायचं, चेंडू झेलायचा. त्यात हार नाही, जीत नाही, शिट्टी नाही. हे सगळं मी एका पत्रकात लिहिलं. मथळा दिला, 'पेन्सिल थांबवा! पोरांना मैदान द्या!' झेरॉक्स काढून जिन्याखाली वाटलं. आयांनी ते उलटसुलट करून पाहिलं. एकीने विचारलं, "बाई, फी वाढीवली काय?"

त्याच वर्षी आमच्याकडे अश्विनी होती. सगळे तिला अशू म्हणायचे. तिचे वडील महादेव यांचं गल्लीच्या टोकाला सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. अशू चालायला लागली तेव्हा एकदा दुकानासमोरच्या गटारात पडली, कपाळाला टाके पडले. तेव्हापासून महादेवदादांनी तिला खाली ठेवलंच नाही. दुकानात असली की खुर्चीत, बाहेर निघाली की कडेवर. बालवाडीत यायची तीही कडेवर. जिना चढून वर येईपर्यंत दादांचा श्वास फुललेला असायचा आणि अशू त्यांच्या खांद्यावरून इंग्रजी महिने म्हणत असायची. तिला सगळं पाठ होतं. पाढे, कविता, आठवड्याचे वार. बोलायची पेठेतल्या सगळ्या पोरींसारखी, पोराच्या थाटात, 'जेवालोय', 'खेळालोय'. पण बसली की उठता यायचं नाही. लघवीला जायचं झालं तर मदतनीस मालनताई उचलून नेईपर्यंत फ्रॉक ओला व्हायचा. मी दादांच्या मागे लागून तिला डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टर म्हणाले, हाडात दोष नाही, नसांत नाही. पोरीला चालवा.

"चालवा म्हंत्यात," दादा मला म्हणाले. "कुटं चालवू? ह्या रस्त्यावर?"

जूनमध्ये ती पहिलीत जाणार होती. शाळेतल्या मोठ्या बाईंनी तिला पाहिलं आणि स्पष्ट सांगितलं, पहिलीचा वर्ग वर आहे, संडास-मुतारी खाली आहे, उचलून न्यायला आमच्याकडे माणूस नाही. आपली आपण चढ-उतार करत असेल तर घेऊ, नाहीतर वर्षभर घरी ठेवा. घरी म्हणजे खुर्चीत. आणि त्या खुर्चीतून पुढच्या जूनमध्ये ती उठली असती, असं मानायला काही कारण नव्हतं.

मला जागा हवी होती. मऊ, पडलं तरी लागणार नाही अशी, रोजची. ती आमच्या पायाखालीच होती. हौद्याची तांबडी माती, हळद, ताक, लिंबू घालून मळलेली. पैलवान पहाटे आणि संध्याकाळी मेहनत करायचे. दिवसभर हौदा मोकळाच. मी आण्णाप्पा वस्तादांना गाठलं. वस्ताद तालमीच्या ओट्यावर बदाम सोलत बसले होते.

"पोरं खेळवायची हौद्यात?" ते म्हणाले. "खेळवा की. पोरांचाच हाय हौदा."

"पोरीपण आहेत वस्ताद."

बदाम सोलणारा हात थांबला. "पोरी न्हाय. आत मारुती हाय. बाईमाणसानं मातीला शिवायचं न्हाय."

शिवायचं नाही! हा शब्द ऐकला की माझ्या कानात काय होतं, ते माझ्या घरच्यांनाच विचारा. विहिरीला शिवायचं नाही, देवळाच्या पायरीला शिवायचं नाही, हे ऐकत आमच्या कितीतरी पिढ्या गेल्या. मी तिथेच भाषण केलं. वस्तादांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, बदाम खाल्ले आणि म्हणाले, "बोलतीस झ्याक. पर पोरी न्हाय."

"मग मुलगेही नाहीत," मी म्हटलं आणि जिना चढले.

माडीवर मालनताईंनी मला फैलावर घेतलं. "आवो बाई, मिळालं हुतं तेवढं घ्यायचं की. निम्मी तरी पोरं खेळली असती. तुमच्या बाण्यापायी सगळीच कोंडली."

"उद्या निम्मी खेळली तर उरलेली निम्मी काय करतील? काठावर बसून टाळ्या?"

"आन आता काय करत्यात? खोलीत बसून भोकाड पसरत्यात."

त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. पण माझा हेका सुटला नाही. पोरं माडीवर कोंडलेलीच राहिली, आणि मला रोज त्यांच्या तोंडाकडे बघायची चोरी झाली.

तोडगा वस्तादांनीच काढला. का काढला ते त्यांनी कधी सांगितलं नाही. वरून दिवसभर धबधब पाय आपटल्याचा आवाज यायचा आणि त्यांची दुपारची झोप व्हायची नाही, असं मालनताईंचं मत. एके दिवशी ते जिन्यात उभे राहून ओरडले, "ओ बाई! दुधाचं दात पडोस्तवर पोर म्हंजे पोर. त्यात पोरगा-पोरगी काय बघायचं? उतरवा समदी. पर तुमी दोघी काठावर."

म्हणजे पोरी आत, बाया बाहेर. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मालनताईंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तोंड आपोआप मिटलं.

अशी आमची हौद्याची बालवाडी सुरू झाली. आता गंमत बघा. बालवाडीची शिक्षिका करून दाखवते, मग पोरं करतात. मला आत पाय ठेवायचा नाही. मग मी काठावर, फरशीवर बेडूक व्हायची आणि पोरं मातीत बेडूक व्हायची. मी फरशीवर लोळायची, पोरं मातीत. ओट्यावर बसलेले पेठेतले रिकामटेकडे बघायला जमायचे. "बाई, कुस्ती कवा हाय तुमची?" असं एकाने विचारलं. "तुझ्याशी जोड ठरली की," मी म्हटलं. पुन्हा कोणी विचारलं नाही. पण रोज त्या काठावर पाय थांबला की आत काहीतरी पेटायचं, आणि मी अधिकच जोरात ओरडून शिकवायची.

अशूला पहिल्या दिवशी दादांनी उचलून मातीत बसवलं. "तुम्ही आता दुकानात जा," मी म्हटलं. ते दारात घुटमळले. मालनताईंनी त्यांना अक्षरशः ढकललं. अशू बसली ती बसली. आजूबाजूला पोरं लोळत होती, माती उडवत होती, आणि ही मधोमध देवीसारखी. मग एका पोराचा धक्का लागून ती आडवी झाली आणि तिने टाहो फोडला. "बाई, उचला! बाई, उचला की!"

मी काठावर. पाय उचललेला. आत दोन ढांगांवर ती, आणि मधे वस्तादांचा नियम. नियम मोडला तर उद्यापासून हौदा बंद, सगळ्यांचाच. मी तिथेच फरशीवर पालथी झाले. "अशू, माझ्यासारखं कर. पोटावर वळ." ती रडत होती. "मला न्हाय येत!" मी पुन्हा वळून दाखवलं, पुन्हा पुन्हा दाखवलं. तिला कळलं की कोणी येत नाही. मग ती वळली. हात टेकले. गुडघे आत घेतले. बूड वर आलं, डोकं अजून मातीत. वर्षाचं मूल पहिल्यांदा उभं राहतं ना, अगदी तसं. मग तिने हात सोडले आणि ती उभी राहिली, डगमगत, नाका-तोंडाला माती, आणि चेहऱ्यावर एवढा संताप की मी आयुष्यात कोणाच्या चेहऱ्यावर पाहिला नाही.

मालनताई डोळे पुसत होत्या. मला मात्र राग आला होता. ज्या नियमाशी मी भांडले होते, तोच त्या दिवशी अशूच्या कामी आला होता. मी आत जाऊ शकले असते तर पहिल्याच हाकेला तिला उचललं असतं. हे लिहितानाही मला राग येतो. नियम वाईटच होता. त्याने एकदा चांगलं केलं म्हणून तो चांगला ठरत नाही, आणि तरी त्याने ते केलं, हेही मला खोडता येत नाही.

त्यानंतर ती रोज पडली आणि रोज उठली. काही आठवड्यांत ती मातीत चालायला लागली, मग कोणाचा तरी हात धरून पळायला. जिना मात्र अजून येत नव्हता. पायरीवर पाय ठेवला की गुडघा थरथरायचा.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं, म्हणजे काहीतरी होणारच होतं. तालमीचा वर्धापनदिन आला. तालीम मंडळाचे अध्यक्ष विलासदादा, वयाने तरुण, अंगात कडक पांढरा शर्ट, पुढची महापालिकेची निवडणूक डोळ्यांसमोर. ते आमची पोरं बघून हरखून गेले.

"बाई, बालकुस्त्या लावू! हलगी, फेटे, गुलाल. लई टाळ्या पडतील. पोरी आरतीची ताटं घिऊन हुब्या ऱ्हातील."

"कुस्ती नको दादा. आमच्या खेळात हार-जीत नाही."

ते मनापासून चकित झाले. "कोल्हापुरात हार-जीत न्हाय? मग खेळ कशाचा?"

हा माणूस दुष्ट नव्हता. आमच्याकडे हे असंच होतं. चांगली गोष्ट दिसली की तिच्या जोड्या लावायच्या, तिला बक्षिसाची ढाल ठेवायची आणि तिचा फलक चौकात टांगायचा. मी समजावून सांगितलं की या वयात चार पोरांसमोर एकदा पाठ टेकली की ते पोर दुसऱ्या दिवशी मातीत उतरत नाही. जिंकलेलंही खेळत नाही, ते फक्त जिंकायला बघतं. रोजचा खेळ आहे तसा दाखवू, असं ठरलं. विलासदादांनी मान हलवली. ती मान लोक नको तो विषय संपवायला हलवतात, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी पेठ लोटली होती. मी येऊन बघते तर पोरांच्या डोक्यांना फेटे, कपाळाला गुलाल, पोरींच्या हातांत ताटं. हलगी कडाडायला लागली. विलासदादांनी माइकवरून पुकारलं, "आता होतीय निकाली कुस्ती! ओंकार विरुद्ध रोहित!" आणि दोघांना मधे ढकललं. पोरांनी शिकवल्याप्रमाणे हात मिळवले. मग दोघेही गोंधळून काठावर माझ्याकडे बघायला लागले. मी काहीच केलं नाही. खरंच नाही. नुसती उभी होते. ओंकार खाली बसला, आडवा झाला आणि रोजच्यासारखा लोळायला लागला. रोहितने फेटा काढून ठेवला आणि तोही लोळायला लागला. ते बघून बाकीची पोरं धावली. पोरींनी ताटं काठावर ठेवली आणि त्याही आत. क्षणात हौदाभर पोरं गडगडत होती. हलगीवाला हसून हसून वाजवायचा थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, विलासदादांना हव्या होत्या त्याहून जास्त, पण त्यांना हव्या होत्या त्या नव्हेत.

दुसऱ्या दिवशी हौद्याच्या दाराला कुलूप होतं.

"किल्ली मंडळाकडं हाय," वस्ताद खाली बघत म्हणाले. "माझं काय चालत न्हाय बाई."

अशूच्या गुडघ्याची थरथर अजून गेली नव्हती आणि शाळा उघडायला थोडेच दिवस उरले होते. मी थेट सायकलच्या दुकानात गेले. दादा एका चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढत होते. मी म्हटलं, "मी निवेदन लिहिते. सह्या गोळा करू. चौकात पत्रकं वाटू!"

"पत्रकं ऱ्हाऊ देत," दादा म्हणाले. त्यांनी चाक भिंतीला टेकवून ठेवलं. "हितंच खेळवा. गल्लीत."

"गल्लीत? गाड्या?"

"ते मी बगतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुरुस्तीला आलेल्या सगळ्या सायकली बाहेर काढल्या आणि गल्लीच्या दोन्ही तोंडांना आडव्या लावल्या. एका बाजूला साखळीने बांधल्या, दुसऱ्या बाजूला स्वतः उभे राहिले. मधे जुने टायर अंथरले. ज्या रस्त्याच्या भीतीने या माणसाने पोरीला वर्षानुवर्षं कडेवर ठेवलं, तोच रस्ता त्याने अडवला. एक मोटरसायकलवाला येऊन हॉर्न वाजवायला लागला.

"ओ पावणं, रस्ता काय तुमच्या बापाचा हाय?"

"पोरांचा हाय," दादा म्हणाले. "तासभर. माघारी फिरा."

"माझी सायकलपण हितंच हाय की रं, म्हादबा!" पलीकडून एक गिऱ्हाईक ओरडलं.

"तुमची सायकल आज ड्युटीवर हाय. उद्या या."

तिथे मला काठ नव्हता. मी टायरमधून टायरमध्ये उड्या मारल्या. मालनताईंनी नऊवारीचा काचा घट्ट मारला आणि माझ्या मागून उडी घेतली. त्या दिवशी आया पहिल्यांदा पाटी न विचारता उंबऱ्यावर बसून हसल्या. दुपारी मी अशूला जिन्यावर न्यायची. एक पायरी वर, एक पायरी खाली. मग दोन. हात भिंतीला, माझा हात तिच्या पाठीमागे, पण पाठीला न लागता.

त्या गल्लीत आज तुम्ही गेलात तर दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या दिसतील. मधून माणूस आडवा होऊन चालतो. तालमीत आता चौथरा आहे, मॅट आहे, आणि मोठ्या मुली तिथे कुस्ती शिकतात. ते झालं याचा मला आनंद आहे, पण बालवाडीची पोरं अजून माडीवर मांडी घालून गिरवतात. ही लढाई मी जिंकलेली नाही. मी ती नुसती चालू ठेवली आहे, आणि रोज घरी जाताना दमून पाय रस्त्यावर नीट पडत नाहीत.

तर त्या जूनमधला अशूच्या शाळेचा पहिला दिवस. पाऊस नव्हता, चिखल होता. दादा अशूला घेऊन फाटकाशी उभे होते, कडेवर घेऊनच. त्यांनी तिला खाली ठेवलं. शाळेचा जिना रुंद, दगडी आणि पोरांनी भरलेला. अशू भिंतीच्या कडेने निघाली. एका पायरीवर दोन्ही पाय ठेवायची, मगच पुढची. तिच्या वयाच्या मुलाने एका पायरीवर एक पाय टाकायला हवा. माझ्या डोळ्यांना ते लगेच दिसलं. वरच्या कठड्यापाशी मोठ्या बाई उभ्या होत्या. अर्ध्या जिन्यात अशू थांबली. तिच्या मागे पोरांची रांग तुंबली, ढकलाढकली सुरू झाली. दादांनी पाऊल उचललं. मी त्यांची बाही धरली.

मागून कोणी मोठी मुलगी खेकसली, "ए, चल की लवकर!"

अशूने भिंतीवरचा हात काढला, वळून तिच्याकडे बघितलं आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "थांब की! चढालोय न्हवं!"